नाव, नंबर आणि रिकामं मूळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दीड वाजले होते. सिडको एन-७ मधल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, तळहाताएवढा एक सर्किट बोर्ड पडला होता. त्याला वायरने जोडलेला माझा लॅपटॉप. आणि लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर तीच ओळ पुन्हा पुन्हा येत होती :

'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग : व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)'

लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते. मराठीत सांगायचं तर कर्नल म्हणत होता : 'ज्या डिस्कवर तुमचं सगळं सामान आहे, ती मला मुळाशी लावता आली नाही. आता मी पुढे काहीही करू शकत नाही.' आणि तो थांबत होता. मी बोर्ड बंद करून चालू केला की परत तेच.

चूक माझीच होती. बोर्डवरची मेमरी वाचण्यासाठी कर्नलला एक ड्रायव्हर लागतो. तो मी कर्नलमध्ये न घालता वेगळी फाइल म्हणून ठेवला होता. कुठे? त्याच मेमरीवर. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं होतं.

चूक सापडली तरी डोक्यातून एक प्रश्न जाईना. फाइल वाचायला फोल्डर लागतं, ते फोल्डर दुसऱ्या फोल्डरमध्ये असतं, ते आणखी कशात तरी. मग सगळ्यात पहिली जागा कुठून येते? मशीन चालू होतं त्या क्षणी तर काहीच नसतं. या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पन्नासएक वर्षं मागे गेलो, आणि शेवटी आमच्याच शहरात येऊन पोचलो.

'टेप चढवली का?'

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहानशा मशीनवर युनिक्सची सुरुवात केली. डेनिस रिची त्यांच्यासोबत होते. फाइल सिस्टिमचा आराखडा हा त्या कामाचा अगदी पहिला भाग होता. त्यात त्यांनी एक निर्णय घेतला, जो आज तुमच्या हातातल्या फोनमध्येही जिवंत आहे : फाइल वेगळी आणि फाइलचं नाव वेगळं.

फाइलची खरी माहिती, म्हणजे ती किती मोठी, कुणाच्या मालकीची, डिस्कवर कुठे कुठे पसरलेली, ही सगळी एका नोंदीत असते. त्या नोंदीला आयनोड म्हणतात आणि प्रत्येक आयनोडला एक नंबर असतो. गंमत म्हणजे आयनोडमध्ये फाइलचं नाव नसतंच. नाव असतं डिरेक्टरीत. जुन्या युनिक्समधली डिरेक्टरी म्हणजे सोळा-सोळा बाइटच्या ओळींची यादी. दोन बाइटमध्ये आयनोडचा नंबर, उरलेल्या चौदा बाइटमध्ये नाव. बस्स.

त्यामुळे एकाच फाइलला दोन ठिकाणी दोन नावं देता येतात. दोन ओळी, नंबर एकच. नाव बदललं तर फक्त यादीतली ओळ बदलते, फाइलला हात लागत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल आधीच उघडून ठेवली असेल तर त्याला नाव बदलल्याचं कळतही नाही, कारण त्याच्या हातात नाव नाही, वस्तू आहे.

दुसरी डिस्क जोडायची तर 'माउंट' करायची. आपण हा शब्द बटण दाबण्याइतका हलका करून टाकला आहे. पण त्या काळी डिस्क म्हणजे जड तबकड्यांचा गठ्ठा. माणूस तो उचलून यंत्रावर बसवायचा आणि मग मशीनला सांगायचा : ही डिस्क अमुक डिरेक्टरीच्या जागी धर. हे मी बाबांना सांगत होतो तेव्हा ते हसले. बाबा बँकेतून निवृत्त झाले. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि त्यानंतर बँकांच्या शाखांत हळूहळू मशीन येऊ लागली. बाबांच्या शाखेत दिवसाचा हिशोब जुळला की टेपवर बॅकअप घ्यायचा असे. "मॅनेजर रोज संध्याकाळी तेच विचारायचे," बाबा म्हणाले, "टेप चढवली का?" माउंटला इतका नेमका मराठी शब्द मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नव्हता. चढवणे.

मग मूळ डिस्क कशावर चढवायची? १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत याचं उत्तर फार सरळ होतं. मूळ डिस्क कोणती हे कर्नल बांधतानाच त्यात लिहून ठेवलेलं असे. सुरू होताना कर्नल 'आयइनिट' नावाचं छोटं फंक्शन चालवायचा. ते डिस्कवरचा एक ठरलेला ब्लॉक वाचायचं. मग एक नंबरचा आयनोड उचलला की झालं मूळ. तो ब्लॉक वाचता आला नाही तर स्क्रीनवर एकच शब्द : 'पॅनिक : आयइनिट'. माझ्या टेबलावरच्या त्या लांबलचक ओळीचा पणजोबा.

हा सगळा कोड ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ च्या सुमारास ओळीओळीने समजावून लिहिला. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते पुस्तक वर्गात शिकवायची बंदी आली. मग अनेक वर्षं ते झेरॉक्सवर झेरॉक्स होत जगभर फिरलं. उघडपणे छापलं गेलं ते १९९६ मध्ये.

एकच भाषा येणारा कर्नल

त्या साधेपणाची एक किंमत होती. कर्नलला एकाच प्रकारची फाइल सिस्टिम येत होती. डिरेक्टरीची ओळ सोळा बाइटची असते, आयनोड अमुक जागी असतो, ही माहिती कर्नलभर विखुरलेली होती.

१९८० च्या दशकात हे परवडेना. बर्कलीत मार्शल कर्क मॅक्युझिक आणि सहकाऱ्यांनी डिस्कचा वेग कितीतरी चांगला वापरणारी नवी फाइल सिस्टिम लिहिली. ती १९८३ च्या ४.२ बीएसडीत आली आणि नावाची मर्यादा चौदावरून २५५ बाइटवर गेली. लोकांकडे डॉसच्या फ्लॉपी होत्या. आणि सगळ्यात मोठा प्रश्न नेटवर्कचा : फाइल दुसऱ्याच मशीनवर आहे, पण मला ती माझ्याच फोल्डरमध्ये दिसायला हवी.

१९८२ मध्ये सुरू झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीला हा प्रश्न सोडवणं भागच होतं, कारण नेटवर्कने जोडलेली वर्कस्टेशन विकणं हाच तिचा धंदा होता. तिथल्या स्टीव्ह क्लायमन यांनी कर्नलचे दोन भाग पाडले. वरच्या भागाला फक्त एवढंच माहीत की 'फाइल' नावाची एक वस्तू असते आणि तिला काही कामं सांगता येतात : उघड, वाच, लिही, या नावाची वस्तू शोध. ती कामं प्रत्यक्षात कशी करायची ते खालच्या भागाने बघायचं. खाली डिस्क असो, फ्लॉपी असो की दुसऱ्या गावातलं मशीन.

या वरच्या भागातल्या वस्तूला त्यांनी व्हीनोड म्हटलं, आयनोडचा आभासी भाऊ. प्रत्येक व्हीनोडसोबत फंक्शनच्या पत्त्यांचा एक तक्ता. 'वाच' म्हटलं की कर्नल तक्त्यात बघतो आणि त्या फाइल सिस्टिमचं 'वाच' चालवतो. प्रत्येक चढवलेल्या फाइल सिस्टिमची वेगळी नोंद, तिला नाव व्हीएफएस, म्हणजे व्हर्च्युअल फाइल सिस्टिम. हे सगळं १९८५ मध्ये सनओएस २.० मध्ये एनएफएससोबत बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी युझनिक्सच्या परिषदेत क्लायमन यांनी त्यावर निबंध वाचला. साधारण त्याच काळात बेल लॅब्समध्ये पीटर वाइनबर्गर यांनी 'फाइल सिस्टिम स्विच' नावाने असाच मार्ग काढला होता. गरज पडली की दोन ठिकाणी तीच वाट सापडते.

याचा आपल्याशी संबंध काय? फोनला पेनड्राइव्ह जोडा आणि लग्नाचे फोटो त्यात कॉपी करा. फोनच्या आतली मेमरी बहुधा एफटूएफएस किंवा ईएक्सटी-४ पद्धतीची असते, पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट. दोघांची अक्षरं लिहायची पद्धत पूर्ण वेगळी. पण फोटो कॉपी करणाऱ्या ॲपला यातलं काही माहीत नसतं. ते फक्त म्हणतं : वाच, लिही. मधला दुभाषा व्हीएफएस असतो.

महाराष्ट्रातही हा दुभाषा वेळेवर पोचला होता. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला, त्याची कहाणी शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे येते. १९९८ मधल्या परम १०००० बद्दल कमी बोललं जातं. तो सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरच्या मशीन एकत्र जोडून बांधलेला होता आणि त्यावर सनचीच सोलारिस चालत होती. म्हणजे क्लायमन यांची व्हीनोडची मांडणी पुण्यातल्या त्या मशीनच्या प्रत्येक कप्प्यात राबत होती.

आम्हाला मात्र कॉलेजात हे भेटलं नाही. आमच्या हातात मॉरिस बाख यांचं १९८६ चं युनिक्सवरचं पुस्तक होतं, स्वस्त भारतीय आवृत्तीतलं. पुस्तक उत्तम आहे. नावावरून आयनोड शोधण्याचा त्यातला अल्गोरिदम मी परीक्षेत पाठ लिहिला होता. पण त्यातला कर्नल मुख्यतः एकाच फाइल सिस्टिमचा संसार करणारा. २०१८ साली मी ज्या कर्नलची परीक्षा दिली तो माझ्या जन्माच्या दहा वर्षं आधीचा होता, आणि खिशातल्या फोनमधला कर्नल त्याच्या कितीतरी पुढे गेलेला होता. ते अंतर भरून काढायला नोकरीतली तीन वर्षं गेली.

रूट फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा

लिनक्सची पहिली आवृत्ती, ०.०१, लिनस टोरवाल्ड्स यांनी इंटरनेटवर ठेवली ती तारीख १७ सप्टेंबर १९९१. मराठवाड्यात १७ सप्टेंबर कुणी विसरत नाही, सकाळी झेंडावंदन असतं. त्यामुळे ही तारीख मला एकदाच वाचून पाठ झाली.

त्या लिनक्सला फक्त मिनिक्सची फाइल सिस्टिम येत होती. नाव चौदा अक्षरांचं, डिस्क ६४ एमबीपर्यंतच. मूळ शोधायची पद्धतही युनिक्ससारखीच सरळ. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका फ्लॉपीवरून कर्नल चालू व्हायचा आणि मग स्क्रीनवर सूचना यायची : 'रूट फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा.' मूळ माणसाने हाताने चढवायचं. बाबांच्या मॅनेजरांना ही सूचना फार आवडली असती.

१९९२ मध्ये ख्रिस प्रोव्हेन्झानो यांनी लिनक्ससाठी व्हीएफएसचा थर लिहिला. टोरवाल्ड्स यांनी तो स्वतः पुन्हा लिहून कर्नलमध्ये घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रेमी कार्ड यांची 'एक्स्टेंडेड फाइल सिस्टिम' आली, नावाला २५५ अक्षरं आणि डिस्क दोन जीबीपर्यंत. जानेवारी १९९३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. एकदा मधला थर आला आणि मग नव्या फाइल सिस्टिम येतच राहिल्या. आज लिनक्समध्ये त्या डझनांनी आहेत.

लिनक्सच्या व्हीएफएसमध्ये चार मुख्य वस्तू असतात. चढवलेल्या प्रत्येक फाइल सिस्टिमसाठी सुपरब्लॉक. प्रत्येक खऱ्या वस्तूसाठी आयनोड. प्रत्येक नावासाठी डेंट्री. आणि कुणीतरी उघडून बसलेल्या फाइलसाठी फाइल. यातली डेंट्री मला सगळ्यात आवडते. नावावरून वस्तू शोधणं हे काम मशीन इतक्या वेळा करतं की प्रत्येक वेळी डिस्कवर जाणं परवडत नाही. म्हणून एकदा शोधलेलं नाव मेमरीत लक्षात ठेवलं जातं. इतकंच नाही, जे नाव सापडलं नाही तेही लक्षात ठेवलं जातं. 'या नावाचं इथे कुणी नाही' अशी रिकामी डेंट्री. परत कुणी विचारलं तर लगेच सांगता येतं. कर्नल नावाला क्षुल्लक समजत नाही. त्याने नावाला स्वतंत्र वस्तूचा दर्जा दिला आहे.

आधी रिकामं

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येऊ. काहीच नसताना पहिली जागा कशी तयार होते?

कर्नल जागा झाला की 'स्टार्ट_कर्नल' हे फंक्शन चालतं. मेमरीची नेहमीची व्यवस्था अजून पुरती लागलेली नसते तेव्हाच त्यात दोन मोठे तक्ते राखून ठेवले जातात, एक डेंट्रींचा, एक आयनोडचा. लिनक्सचा बूट लॉग बघितलात तर अगदी वरच्या ओळींत या दोन तक्त्यांची नोंद दिसते. गावात एकही माणूस नसताना जन्ममृत्यूची वही आखून ठेवावी तसं.

थोडं पुढे 'व्हीएफएस_कॅशेस_इनिट' चालतं. डेंट्री, आयनोड, उघडी फाइल या वस्तू पुढे लाखोंनी लागणार असतात. त्या झटपट मिळाव्यात म्हणून मेमरीत त्यांच्या मापाचे कप्पे आखले जातात. मग येतं 'एमएनटी_इनिट', आणि इथे माझं उत्तर होतं.

कुठलीही फाइल सिस्टिम चढवायची तर आधी एक डिरेक्टरी लागते. पहिल्या फाइल सिस्टिमसाठी ती आणणार कुठून? लिनक्सने ही गाठ अशी सोडवली : डिस्कचा विचारच करायचा नाही. आधी मेमरीत एक रिकामी फाइल सिस्टिम बनवायची. तिचं नाव रूटएफएस. तिला कुठलाही ड्रायव्हर लागत नाही, कुठलंही उपकरण लागत नाही. तिच्यात असते फक्त एक डिरेक्टरी, मूळ. त्या डिरेक्टरीच्या डेंट्रीला आई-वडील नसतात. तिच्या पालकाच्या जागी तिचाच पत्ता लिहिलेला असतो. पहिल्या प्रोसेसला सांगितलं जातं : हे तुझं मूळ, आणि तू सध्या इथेच उभी आहेस.

यानंतर ड्रायव्हर सुरू होतात. कर्नलसोबत इनिटरॅमएफएस नावाची छोटी शिदोरी असेल तर ती या रिकाम्या मुळात सोडली जाते. ही सोय डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीपासून स्थिरावली. शिदोरी नसेल तर कर्नल स्वतः खरी डिस्क शोधतो, आधी बाजूला एका डिरेक्टरीवर चढवतो आणि मग ती उचलून मुळावर ठेवतो. माझा बोर्ड याच पायरीवर पडत होता. शिदोरी मी दिली नव्हती आणि डिस्क त्याला दिसत नव्हती.

खरी डिस्क मुळावर बसली की रिकामं रूटएफएस झाकलं जातं. झाकलं जातं, पुसलं जात नाही. माउंटचा नियमच तो आहे : ज्या डिरेक्टरीवर काही चढवाल, तिच्यात आधी जे होतं ते दिसेनासं होतं. वरचं उतरवलं की खालचं जसंच्या तसं परत दिसतं. कर्नलच्या दस्तऐवजात म्हटलं आहे की रूटएफएस उतरवता येत नाही. कारणही तिथेच दिलं आहे : माउंटची यादी कधीच रिकामी नसते अशी खात्री असली की 'यादी रिकामी असेल तर काय' हे जागोजागी तपासत बसावं लागत नाही. २००१-०२ च्या सुमारास अल व्हिरो यांनी माउंटची ही बाजू नव्याने रचली आणि त्यातून आजची मांडणी उभी राहिली.

एक आयनोड, चार नावं

हे वाचत असतानाच्या काळात मी नोकरी बदलत होतो. नव्या कंपनीने माझी कागदपत्रं तपासायला एका एजन्सीकडे दिली. पदवीवर शहर 'औरंगाबाद', आधारवर 'छत्रपती संभाजीनगर', जुन्या पासपोर्टवर पुन्हा 'औरंगाबाद'. एजन्सीच्या पोर्टलने लाल रंगात शेरा मारला : पत्ता जुळत नाही. मी फोन केला तर पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही औरंगाबादहून संभाजीनगरला शिफ्ट कधी झालात?" मी म्हटलं, "मी जागचा हललोच नाही." तिच्या फॉर्ममध्ये त्या उत्तरासाठी रकाना नव्हता. नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत तीनदा पाठवली आणि रुजू व्हायला तीन आठवडे उशीर झाला. माझं तेवढ्यावर भागलं. ज्यांची पेन्शन किंवा शिष्यवृत्ती अशा शेऱ्यावर अडते त्यांचं काय होत असेल?

या शहराला नावं बदलण्याची सवय जुनी आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावी राजधानी वसवली. त्याचा मुलगा फतेहखान याने १६२६ मध्ये तिला फतेहनगर म्हटलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद झालं. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राच्या मंजुरीने छत्रपती संभाजीनगर झालं. त्याआधी कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी दोन्ही नावं होतीच. दोन ओळी, नंबर एक.

एक हिशोब मी गंमत म्हणून करून पाहिला. कर्नलला नावाची लिपी कळत नाही, त्याला फक्त बाइट दिसतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. (ही पद्धतही थॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासोबत १९९२ मध्ये काढली.) 'छत्रपती संभाजीनगर' भरतं ४९ बाइट, आजच्या २५५ मध्ये आरामात मावतं. जुन्या युनिक्सच्या चौदा बाइटमध्ये 'औरंगाबाद' मावत नाही, 'फतेहनगर' मावत नाही. मावतं ते फक्त 'खडकी', बारा बाइट.

नाव बदलावं की नाही हा या लेखाचा विषय नाही. पण नाव ही किरकोळ गोष्ट आहे असं म्हणणारा माणूस मराठवाड्यात वाढलेला नसावा. माझ्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे, त्या नावासाठी विधिमंडळाचा ठराव झाला २७ जुलै १९७८ ला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसं मारली गेली, घरं जाळली गेली, लाँग मार्च निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव त्या कागदावर असणं म्हणजे काय, हे माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांना घरूनच माहीत होतं.

म्हणूनच मला युनिक्सची वाटणी योग्य वाटते. नाव माणसांचं. ते माणसांनी ठरवावं, त्यावर भांडावं, ते अभिमानाने लावावं. पण वस्तूची ओळख त्या नावावर टांगून ठेवू नये, म्हणजे नाव बदललं तरी कुणाचं काही तुटत नाही. युनिक्समध्ये नाव बदलल्यावर तुटतं काय? सिम्बॉलिक लिंक. ४.२ बीएसडीने आणलेली ही सोय म्हणजे फाइलच्या नंबराऐवजी तिचा पत्ता अक्षरांत लिहून ठेवलेली चिठ्ठी. पत्त्यातलं एक नाव बदललं की चिठ्ठी कुठेच पोचत नाही, वस्तू जागेवर असूनही. त्या एजन्सीच्या डेटाबेसमध्ये मी एक चिठ्ठी होतो.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "अरे, लग्नानंतर बायकांची नावं बदलतात, स्पेलिंग तर रोज बदलतात. बँकेने खाती नावावर चालवली असती तर पहिल्या महिन्यात बंद पडली असती. खातेनंबर कशाला असतो?" ज्यांना मी चार दिवस व्हीएफएस समजावत होतो, ते पस्तीस वर्षं तेच करत आले होते.

त्या रात्री ड्रायव्हर कर्नलच्या आत घालून मी सगळं पुन्हा बांधायला लावलं. पाऊण तास लागला. बोर्ड चालू केला. डेंट्रींचा तक्ता, आयनोडचा तक्ता, ओळी सरकत गेल्या आणि मग ती आली : 'व्हीएफएस : माउंटेड रूट (ईएक्सटी-४ फाइलसिस्टिम) ऑन डिव्हाइस १७९:२'. त्याखाली कुठेतरी ते रिकामं मूळ तसंच होतं, आता कुणालाही न दिसणारं.

सकाळी बोर्ड पुण्याला पाठवायचा होता. पाकिटावर प्रेषकाचा पत्ता लिहिला, शहराचं नवं नाव पूर्ण लिहिलं. कुरियरचा मुलगा घर शोधत होता, त्याचा फोन आला. त्याने शहराचं नाव घेतलंच नाही. त्याने विचारलं, "दादा, एन-सेव्हन ना? कोणत्या चौकातून आत येऊ?"